आधी रेघ

फिटरची ती पाचवी खेप. जुन्या कागदांच्या कचेरीत माणसाच्या चपला झिजतात, कागद काही जागचा हलत नाही. पहिल्या दिवशी अर्ज चुकला. दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वाचनालयात विचारा." चौथ्या दिवशी वाचनालयवाले म्हणाले, "अहो, ते कचेरीतच असतं." अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, पंपाच्या कारखान्यात जन्म काढलेला, गुडघे कुरकुरतात. तरी आला. दुपारी तीनला आला, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर ऐकणारे लगेच मध्यरात्र मनात धरतात. भुतांना काय घड्याळ कळतं?

"आलात का आजोबा?" दप्तरवाल्या बाई म्हणाल्या. बाई मनाने भल्या, तोंडाने फटकळ. "सापडला एकदाचा तुमचा रुमाल."

हा रुमाल नाक पुसायचा नव्हे. जुन्या वह्या तांबड्या कापडात गुंडाळून वर गाठ मारतात, त्या गाठोड्याला तिथे रुमाल म्हणतात. बाईंनी तो टेबलावर आदळला. डांबराच्या गोळ्यांचा आणि ओल्या भिंतीचा वास उसळला.

"इथं नाव लिहा. रुमाल कोणी बघितला त्याची चिठ्ठी असते."

चिठ्ठी कोरी होती. म्हणजे हा रुमाल आजवर कोणी मागितलाच नव्हता. फिटरने पेन घेतलं, आधी एक लांब रेघ ओढली आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगलं.

"अगंबाई! आधी दोरी बांधून मग कपडे वाळत घालता होय?"

"बाबांनी असंच शिकवलं. ते स्वतः दोन यत्ता शिकलेले. आधी रेघ, मग अक्षर. चुकलं की थोबाडीत. जगात आम्ही तिघं भावंडंच असं लिहितो बघा."

"तिघं कोण कोण?"

"अक्का, मी, आणि..." फिटरने पेनाचं टोपण लावलं. "दादा."

तो सगळा खटाटोप या दादासाठीच होता. बहात्तर वर्षांपूर्वी घरातली एकुलती एक पाटी फुटली. बाबांनी विचारलं, कोणी फोडली? दादा मोठा, अकरा वर्षांचा, म्हणून मार दादाने खाल्ला. फुटक्या पाटीचा तुकडा हातात घेऊन तो जो दाराबाहेर पडला, तो परत आलाच नाही. पाटी फोडली होती सहा वर्षांच्या फिटरने. त्याने तेव्हा तोंड उघडलं नाही, पुढे बाबा गेले, आई गेली, तरी उघडलं नाही. आता अक्का एक्क्याऐंशीची, अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. आणि ती एकच धोशा लावून बसलेली. "दादा आहे का नाही, एवढं बघून ये रे. मग मी जायला मोकळी."

बाईंनी गाठ सोडली. घरवार नोंदीची वही. एका घराला एक पान, शेवटचा रकाना शेऱ्याचा.

"ह. लिहिलं असलं तर हयात. म. असलं तर मयत. बघा सावकाश. पाचला बंद करते हं, उगीच 'पाच मिनिटं' करायचं नाही."

फिटर बोट ठेवून वाचत गेला. बाबांच्या पुढे म. आईच्या पुढे म. दादापुढे काहीच नाही, रकाना कोरा. अक्का, ह. तो स्वतः, ह.

"बाई, दादापुढं लिहायचं विसरले का हो?"

बाई वाकल्या, चष्मा वर सरकवला. "तुमचे वडील कधी गेले?"

"एकतीस वर्षं झाली."

"ही वही चाळीस वर्षांपूर्वी बंद झाली आजोबा. मग त्यांच्यापुढं म. कोणी लिहिलं? आणि हे पेनानं नाही लिहिलेलं... पांढरट आहे. पाटीवरच्या पेन्सिलीचं वाटतंय." त्या चिडल्याच. "माझ्या हातची गाठ होती. तिला कोणी हात लावलेला नाही. थांबा, साहेबांना बोलावते."

बाई गेल्या. फिटरने वही खिडकीकडे धरली. म. वरची रेघ सरळ, लांब. अक्षर तिच्याखाली जरासं सुटं टांगलेलं.

आधी दोरी, मग कपडे.

कपाटांच्या मागून आवाज आला. करकर. दातांत शिरणारा. उंदीर असता तर फिटरला कळलं असतं, कारखान्यातल्या उंदरांत त्याची हयात गेली. हा आवाज आधी एकच लांब यायचा. मग थांबायचा. मग तुटक, तुटक, तुटक. थोबाडीत खाऊन शिकलेला माणूस तो आवाज विसरत नाही.

"दादा...?"

आवाज थांबला. फिटरला उठवेना. भीतीने म्हणाल तर तसं नव्हतं, तो दमला होता. बहात्तर वर्षं एक गोष्ट पोटात घेऊन फिरायचं म्हणजे चेष्टा आहे का?

"दादा... पाटी मी फोडली होती रे."

कपाटांमागे कोणीतरी ऐकत असावं अशी शांतता पडली. मग लांब करकर. आणि तुटक, तुटक... फिटरने पानाकडे बघितलं. अक्काच्या नावापुढचा ह. पुसलेला होता. त्या जागी म. होता, आणि त्याच्यावरची भुकटी अजून खाली झडत होती.

खिशातला फोन वाजला. अक्काची लेक होती.

"मामा... आई गेली. आत्ताच."

फिटरने फोन कानाशी घट्ट धरला.

"त्रास नाही झाला हो. दाराकडं बघून हसली. म्हणाली, 'आलास का? आधी हात धू जा, पांढरे झालेत.' कोणाला म्हणाली काही कळलं नाही. दारात कोणीच नव्हतं."

"मी येतो," फिटर म्हणाला. आपलाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. अक्काला तिचं उत्तर मिळालं होतं. ते तिला कोणी दिलं, एवढाच प्रश्न होता.

वही मिटायला त्याने हात घातला आणि थबकला. शेवटची ओळ त्याची स्वतःची. तिथला ह. पुसला होता. नुसतीच एक पांढरी रेघ होती, सरळ, लांब. खाली अक्षर नव्हतं. त्याने अंगठ्याला थुंकी लावली आणि लहानपणी पाटी पुसायचा तशी रेघ पुसून टाकली. गेली, सहज गेली.

बाई एकट्याच परत आल्या. "साहेब नाहीत जाग्यावर. नेहमीचंच." त्यांनी रुमालाची गाठ मारली, ओढून बघितली. "दुखतंय का काही आजोबा? पांढरे पडलात की."

"बहीण गेली."

"अरेरे. चला, दारापर्यंत येते."

दोघं दाराशी पोचली, तेवढ्यात मागून, त्या गाठ मारलेल्या रुमालातून, करकर आली. एकच. लांब.

"या उंदरांचा बंदोबस्त करायलाच हवा," बाई म्हणाल्या.

फिटर उंबऱ्यात उभा राहिला, पुढच्या तुटक आवाजांसाठी कान देऊन. ते आले नाहीत. अजून आलेले नाहीत. घरी दुपारी तीन वाजले की तो पंखा बंद करतो आणि ऐकत बसतो.