जावयासाठी मदरबोर्ड

पेंग मिंग-तांग लिफ्ट तपासनीस म्हणून निवृत्त झाला, पण तपासणी काही त्याच्या अंगातून निवृत्त झाली नाही. टरबूज घ्यायला निघाला की बाजारातलं प्रत्येक टरबूज वाजवून बघायचा आणि शेवटी पपई घेऊन घरी यायचा. अशा माणसाने कॉम्प्युटर घरीच जोडायचं मनावर घेतलं, तेव्हा त्याच्या बायकोने, श्यू-वानने, कपाळाला हात लावला.

कॉम्प्युटर हवा होता तिलाच. तिचे वडील, आ-सेंग मास्तर, देवळापुढे हातात घालायच्या बाहुल्यांचे खेळ करायचे. सेनापती, राक्षस, नवरी, विदूषक, सगळ्यांचे आवाज एकटेच काढायचे. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. उरल्या होत्या त्यांच्या खेळांच्या कॅसेटी, आणि तैपेईच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरू लागली होती. लवकर कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या नाहीत, तर बाबा दुसऱ्यांदा जातील, असं श्यू-वान म्हणायची.

बाकी सगळं सामान आलं होतं. कॅबिनेट, प्रोसेसर, मेमरी, सगळं जेवणाच्या टेबलावर पसरलेलं. दोघं शिवणयंत्रावर वाट्या ठेवून जेवत होती. अडलं होतं ते फक्त मदरबोर्डापाशी. एका बोर्डात प्रोसेसर बसायचा, पण तो बोर्ड कॅबिनेटात मावायचा नाही. दुसरा मावायचा, तर त्यात मेमरीच्या खाचा कमी. तिसऱ्यात सगळं जमायचं, आणि नेमकं तेच मिंग-तांगला संशयास्पद वाटायचं.

"लग्नाला हो म्हणायला तू दोन वर्षं लावलीस," नूडल्स ओढत श्यू-वान म्हणाली. "बाबा तेव्हाच म्हणाले होते, याच्या लग्नाच्या जेवणात सूप गार होणार."

"झालं होतं का?"

"बर्फ झालं होतं! आज बोर्ड आणला नाहीस, तर उद्यापासून तुला जेवण त्या कॅबिनेटात वाढीन."

सकाळचा नाश्ता आटोपताच तो क्वांगह्वाच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन धडकला. पहिल्याच दुकानात एक चष्मेवाला तरुण पंखा पुसत बसला होता. मिंग-तांगने घसा साफ केला आणि आपले प्रश्न सुरू करणार, तोच त्या तरुणाने एक खोकं पुढे सरकवलं.

"हा घ्या, काका. तुमच्यासाठीच ठेवलाय."

"मी अजून काही विचारलं नाहीये."

"एक म्हातारबाबा सांगून गेले. म्हणाले, मागून एक माणूस येईल, कानामागे पेन्सिल अडकवलेला, त्याला हाच दे. बोलू देऊ नकोस."

मिंग-तांगने कानामागची पेन्सिल काढून खिशात टाकली. गिऱ्हाईक पटवायची ही नवी तऱ्हा असणार. तो हसला आणि जिना चढून वरच्या मजल्यावर गेला.

वरच्या दुकानदाराच्या तोंडात सुपारी होती. त्याने लाल ओठ पुसले आणि तेच खोकं काढलं. तोच बोर्ड.

"म्हातारबाबा?" मिंग-तांगने विचारलं.

"हो. खडूस माणूस! मी चार भारी बोर्ड दाखवले, एकाला हात लावला नाही. म्हणाले, मला एवढंच सांग, यात आवाज आत यायला जागा आहे का?" दुकानदाराने सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. "पण काका, एक विचारू? ते बोलताना हात असा का धरतात?"

त्याने उजवा हात वर केला. तर्जनी सरळ, अंगठा एकीकडे, बाकीची बोटं दुसरीकडे. बोट जरासं वाकवलं. जणू कुणीतरी मान लववून नमस्कार करत होतं.

हातात बाहुली घातली की मास्तर असाच हात धरायचे, हे मिंग-तांगला आठवलं.

पण तो लिफ्टवाला माणूस. लिफ्ट अडकली की भूत बघायचं नाही, तार बघायची. ही तार श्यू-वानपर्यंत जात असणार. तिनेच कुणा म्हाताऱ्या नटाला पाठवलं असेल. कोपऱ्यावरच्या दुकानात एक जाडजूड बाई डब्यातला भात खात बसली होती. तो सरळ तिच्यापुढे उभा राहिला.

"म्हातारबाबा येऊन गेले का?"

"आत्ताच तर गेले. खोकं तिथं आहे, उचला." बाईने मान वर केली नाही. "आणि गॅरंटीचं विचारलंत तर टपली मारायला सांगितलीय."

"आवाज कसा होता त्यांचा?"

बाईचा घास हातातच राहिला. तिने बराच विचार केला.

"बारीक. थट्टेखोर. पण..." तिने डबा खाली ठेवला. "तोंड तर मिटलेलंच होतं हो त्यांचं."

मिंग-तांगने खोकं उचललं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादी वस्तू उघडून न बघता घेतली.

घरी श्यू-वान मुळ्याचं सूप ढवळत होती. तो चिडूनच आत शिरला. "कुणाला पाठवलं होतंस?"

"कुठं?"

त्याने सगळं सांगितलं. ती खो खो हसत सुटली. "टपली? बरं झालं, कुणीतरी तुला..." मग त्याने तो हात करून दाखवला. तिचं हसू मावळलं. तिने पळी खाली ठेवली.

"शेवटच्या वर्षी घशाच्या ऑपरेशनात बाबांचा आवाज गेला होता, आठवतं?" ती म्हणाली. "मग असाच हात करून बोलायचे. बाहुली नसली तरी." मग ती हळूच म्हणाली, "मी कुणालाही पाठवलं नव्हतं, मिंग-तांग. तुझी शपथ."

दोघांनी मिळून बोर्ड बसवला. स्क्रूची भोकं बरोबर जुळली. प्रोसेसर सुळकन बसला. बटण दाबताच पडदा उजळला. एकदाही काही अडलं नाही. मिंग-तांगला हे अजिबात आवडलं नाही.

दुपारच्या उन्हात श्यू-वानने जुना कॅसेट प्लेअर आणला आणि त्याची वायर बोर्डाच्या मागच्या भोकात खोचली. कॅसेट ती शाळेत असतानाची होती.

झांजा वाजल्या. ढोल वाजला. मग मास्तरांचा विदूषक बोलू लागला. श्यू-वानचे डोळे भरून आले.

"मंडळी," विदूषक म्हणाला, "एक होता जावई. लिफ्टा तपासायचा. पण स्वतः वर जायचं की खाली, हे काही त्याचं ठरेना!"

कॅसेटमधली गर्दी हसली. श्यू-वान हसली नाही.

"हा खेळ सेनापतीचा आहे," ती कुजबुजली. "यात जावई नाहीये."

मिंग-तांगने वायर तपासली. कॅसेटची चाकं नीट फिरत होती.

"असा माणूस बाजारात गेला," विदूषक म्हणाला, "आणि सासऱ्याला पायपीट करायला लावली. काय हो जावईबापू? घेतलात का एकदाचा?"

आणि तो थांबला.

गर्दीही थांबली. कुणी खोकलं. एक तान्हं मूल किरकिरलं. देवळाच्या पटांगणातल्या झाडावरचा रातकिडा ऐकू येत होता. चाकं फिरत होती. सगळे वाट बघत होते.

"बोल ना," श्यू-वानने त्याचा हात दाबला.

"घेतला," मिंग-तांग म्हणाला. "तुम्ही सांगितलात तोच."

पटांगणात हास्याचा स्फोट झाला. टाळ्या पडल्या. झांजा झणझणल्या.

त्या गडबडीत अगदी माइकजवळ कुणीतरी लाकडी स्टूल ओढलं. एका अनोळखी बाईचा आवाज आला, मायेचा, घाई नसलेला.

"या हो, लेक-जावई, बसा दोघं. जागा धरून ठेवलीय."