आठवा तुलेबेर्दी

उम्सुनाय एजेकेंनी आपल्या नवऱ्याची जुनी कल्पाक टोपी माझ्यापुढे धरली आणि मी आतली चिठ्ठी उचलली. एजेके म्हणजे आमच्या बाई. संशोधनाला नव्यानं लागलेल्या प्रत्येकाला त्या असा चिठ्ठीनं एक विरोधक देतात. तुमच्या प्रस्तावात जिथे जिथे भोकं असतील, तिथे तिथे त्यानं बोट घालायचं. माझ्या चिठ्ठीवर नाव होतं एल्दियार. मान वर केली तर खिडकीपाशी एक उंच मुलगा पावसात भिजलेले केस बाहीनं पुसत होता, आणि पुसता पुसता माझ्याकडेच बघत होता. म्हटलं, झालं... हा काही मला सुखानं जगू देत नाही.

पण एजेकेंचा एक नियम होता. विरोधकानं आधी समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत असं मांडायचं, की ऐकणारा म्हणाला पाहिजे, "हो, हेच माझं." तोपर्यंत एकही हरकत घ्यायची नाही. वाद जिंकायची घाई असलेल्या पोरांना हा नियम म्हणजे शिक्षाच वाटायची.

माझा विषय घरचाच होता. आम्हा किर्गिझ लोकांत प्रत्येकाला सात बाप पाठ असावे लागतात. बाप, बापाचा बाप, असे वर सातपर्यंत. सात पिढ्यांच्या आत ज्यांचा बाप एक निघतो, त्यांचं लग्न होत नाही. आता या नावांना कुठे कागद नाही, आणि वरची माणसं तर कोणी पाहिलेलीही नाहीत. मग आपल्याला ती खरंच माहीत असतात, की आपण नुसती घोकलेली असतात? मी म्हणत होते, माहीत असतात. भरवशाच्या माणसाकडून ऐकलेलं तेही ज्ञानच.

विद्यापीठामागच्या चहाखान्यात आम्ही भेटायला लागलो. एल्दियार पहिल्या दिवशी ऐटीत म्हणाला, तुझं म्हणणं असं की जुनं ते खरं. मी म्हटलं, नाही. दुसऱ्या वेळी म्हणाला, सगळे मानतात म्हणून खरं. तेही नाही. मग मी शिक्षाच लावली. चुकला की त्यानं कुरूतचा एक गोळा खायचा. हा अट-बाशीचा, घोड्यांच्या गावचा गडी, आणि त्याला वाळवलेल्या दह्याचा खारट गोळा तोंडात धरवत नव्हता. असं तोंड वाकडं करायचा, की पलीकडच्या टेबलावरच्या बायका रुमालाआड हसायच्या.

"तू मुद्दाम नाही म्हणतेस, बेगायम," तो एकदा म्हणाला.

"सिद्ध कर."

"तू नाही म्हणायच्या आधीच हसतेस. हा पुरावा."

"हा फार तर संशय झाला," मी म्हटलं आणि गोळा पुढे सरकवला.

खाऱ्या तोंडावर उतारा म्हणून तो घरचा पांढरा मध आणायचा. मोठा भाऊ तालान्त गावाहून बरणी पाठवायचा, सोबत लोकरीचे मोजे, आणि फोनवर दर वेळी तेच विचारायचा, जेवलास का, पाय कोरडे आहेत का. एल्दियार वैतागून हो हो म्हणायचा. वडिलांशी, म्हाताऱ्या असानालींशी, मात्र मोठ्यानं आणि अदबीनं बोलायचा, कारण त्यांना कमी ऐकू येत होतं. मी रोटी मधात बुडवून हे ऐकत बसायची. प्रस्तावाचं काम संपू नये असं मला वाटायला लागलं होतं, आणि हे मला नीट कळत होतं.

मग एके दुपारी त्यानं कप बाजूला ठेवला. म्हणाला, "तू म्हणतेस, ऐकलेल्यावर भरवसा ठेवणं म्हणजे डोळे मिटणं नव्हे. सांगणारा जबाबदारी घेऊन सांगतो. मी त्याला कधीही विचारू शकते, तुला कसं माहीत? आणि त्यानं उत्तर द्यायचं असतं. ही विचारायची वाट उघडी आहे, म्हणून ते ज्ञान. बरोबर?"

माझ्या आईला, मार्गदर्शकांना, खुद्द मलाही हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं. "हो," मी म्हटलं, "हेच माझं." आणि त्या क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले. खरं तर आधीच पडले होते, तेव्हा कबूल केलं.

तो खुशीत होता. म्हणाला, आता म्हण बघू सात बाप. मला चुलत्यानं नऊ शिकवले होते, तेव्हा मी तोऱ्यात नऊच म्हणायला घेतले. आठव्या नावाशी त्याचं हसू गेलं. आठवा तुलेबेर्दी. लांडग्यानं एक कान तोडलेला, खिंडीपलीकडून निळे घोडे आणणारा तुलेबेर्दी.

"माझा सातवा," एल्दियार म्हणाला.

नावासारखी नावं असतात, असं म्हणायची सोय नव्हती. त्याच्या तुलेबेर्दीलाही एकच कान होता आणि घोडेही निळेच होते. माझ्या बाजूनं सात पिढ्या उलटल्या होत्या, त्याच्या बाजूनं नव्हत्या. एका पिढीसाठी आम्ही भाऊबहीण ठरत होतो. कपातला चहा निवला. मी घरी जाऊन रडले, आणि रडण्यात लाज कसली.

काही दिवसांनी तो हरकत घेऊन आला. हजार लोक म्हणत असले तरी सगळ्यांनी ते एकाच तोंडून ऐकलेलं असतं, म्हणजे साक्षीदार एकच. त्याची जीभ कुठेही घसरली असेल. तेव्हा कुणालाच काही माहीत नाही, आणि आपण मोकळे. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

"ही हरकत तुला तुलेबेर्दीच्या आधी सुचली की नंतर?"

"नंतर," तो म्हणाला.

शेवटी दोघंही एजेकेंकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या जराही चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, हरकत सोयीची आहे म्हणून खोटी ठरत नाही. पण जे खरं निघावं असं मनापासून वाटतं, ते इतरांपेक्षा जास्त कसून तपासायचं. आणि साखळी तुटू शकते एवढ्यानं भागत नाही. कुठे तुटली आहे ते दाखवा, नाहीतर ती मान्य करा आणि एकमेकांना सोडा.

आम्ही तिथेच जिन्यात बसलो. मी त्याची साखळी वरून खाली तपासत आले. हे तुला कोणी सांगितलं, त्याला कोणी? सगळं घट्ट होतं. एक नाव इकडचं तिकडे नव्हतं. उरली तळातली कडी, जी कोणीच तपासत नाही, कारण ती समोर बसून चहा पीत असते.

"असानाली आता ऐंशीच्या पुढे ना?" मी विचारलं. "तुझी आई तू झालास तेव्हा केवढी होती?"

"पंचावन्न-छपन्न..." तो म्हणाला, आणि थांबला.

आमच्यात थोरल्या मुलाचं पहिलं मूल आजी-आजोबा आपलं म्हणून वाढवतात. मग ते आजोबांनाच बाप म्हणतं आणि खऱ्या बापाला भाऊ. गावाला ठाऊक असतं, मुलालाही ठाऊक असतं, फक्त कोणी बोलत नाही. एल्दियारनंही बाप म्हणून असानालींपासूनच मोजायला सुरुवात केली होती. पाय कोरडे आहेत का, असं विचारणारा माणूस मोजायचा राहून गेला होता. तालान्त धरला, तर तुलेबेर्दी त्याचाही आठवा.

"मला हे माहीत होतं गं," तो म्हणाला. "मी कधी मोजलंच नाही. आता मोजलं तर म्हाताऱ्याला काय वाटेल? त्यानं मला कडेवर वाढवलंय. त्याच्या तोंडावर कसं सांगू, की तू माझा बाप नाहीस?"

मी त्याला म्हटलं, नाही सांगितलंस तरी मी समजून घेईन. हे मी खोटं बोलले.

पुढच्या आठवड्यात त्यानं मला गावी नेलं. असानालींनी मला मानानं दारासमोरच्या भिंतीशी बसवलं. तालान्त चहा ओतत होता. पोरगी घरी आली की काय विचारतात ते म्हाताऱ्याला ठाऊक होतं. त्यानं आधी मला माझे बाप म्हणायला लावले, मग मुलाकडे वळला. एल्दियारचे कान लाल झाले होते.

"एल्दियार," त्यानं स्वतःपासून सुरुवात केली. "तालान्तचा. तालान्त असानालीचा..."

तालान्तच्या हातातला कप भरून वाहायला लागला, तरी तो ओततच राहिला. एल्दियार न थांबता एका कानाच्या तुलेबेर्दीपर्यंत गेला. असानाली बोटांवर मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"आठ," ते म्हणाले. "बरोबर मोजलंस. माझ्यानंतर मोजशील असं वाटलं होतं. माझ्यासमोर मोजलंस, बरं केलंस." मग तालान्तला म्हणाले, पुरे झालं ओतणं, पोराशेजारी बस. तालान्त बसला. त्यानं फक्त एल्दियारचा मोजा चाचपून पाहिला, ओला आहे का म्हणून.

संध्याकाळी आम्ही घोड्यांपाशी उभे होतो. बर्फ भुरभुरत होतं. मी म्हटलं, माझ्या प्रस्तावावरची तुझी खरी हरकत अजून राहिलीच आहे.

"आधी तुझं म्हणणं मांडायला हवं," एल्दियार म्हणाला. "तुझं म्हणणं असं — एल्दियार हट्टी आहे, कुरूत खाताना तोंड वाकडं करतो, स्वतःच्या बापापर्यंत त्याला मोजता येत नव्हतं. तरी त्याच्याशिवाय तुला करमत नाही, आणि जन्मभर त्याच्याबरोबरच राहायचं आहे."

मी नाही म्हणायच्या आधी हसते, हे त्याला माहीत होतं. म्हणून हसू आवरलं आणि म्हटलं, "हो. हेच माझं."

त्यावर त्यानं काही हरकत घेतली नाही.