कमळाकरचा तुकडा

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या त्या दुकानात मोडेमची केबल एकच उरली होती. तिचं एक टोक माझ्या हातात... आणि दुसरं एका उंच, सावळ्या माणसाच्या.

"साईं, एक ही पीस है," सिंधी दुकानदाराने हात वर केले.

"मॅडम, तुम्ही घ्या. मी घरी तारा जोडून सोल्डर करून घेईन," तो माणूस म्हणाला. "पण तुम्हाला मोडेम कशाला लागतो?"

"फोनवरून फाईल पाठवायला. प्रोग्राम मी स्वतः लिहितेय."

हे मी जरा मोठ्यानेच सांगितलं. १९९० साल होतं, आणि आमच्या अख्ख्या अंबरनाथमध्ये असं म्हणणारी मी एकटीच, अशी माझी खात्री होती. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि माझी मान उगाचच ताठ झाली.

तो कमळाकर. बदलापूर गावातला, आनंदनगरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम बघणारा. दुकानातच पत्ता विचारून घेतला होता; पुढच्याच रविवारी स्वारी आमच्या घरी हजर! मामाने परदेशातून पाठवलेला माझा संगणक एकाच वेळी चार कामं करायचा, तो त्याला बघायचा होता. मग तो दर रविवारीच बघायला येऊ लागला. आईचे पोहे संपायचे, आमचं भांडण संपायचं नाही.

"एवढे तुकडे कशाला, वृंदा मॅडम? एकच मोठा प्रोग्राम लिहून टाका ना."

"एक तुकडा मोडेमशी बोलणार, दुसरा फाईल पाठवणार, तिसरा पडद्यावर दाखवणार. एक काढून दुसरा बसवला तरी बाकीचे चालूच राहिले पाहिजेत."

"म्हणजे मी लिहिला तर माझाही काढणार?"

"आधी लिहा तर खरं!"

झालं. पठ्ठ्याने तीन महिने खपून मोडेमचा तुकडा लिहिला. बदलापुरात आईला, कारखान्यात साहेबांना, अगदी कॅन्टीनवाल्यालाही सांगून झालं. तो टाईप करायला लागला की मी त्याच्या बोटांकडे बघत बसायचे... आणि तो थांबला की घाईघाईने पडद्याकडे.

मग साहेबांनीच आम्हाला बोलावलं. त्यांची अट एकच — फाईल मुंबईच्या ऑफिसला जात असताना संगणकावरचं ड्रॉइंगचं काम थांबता कामा नये. जमलं तर प्रोग्राम कारखान्यात लागणार होता, माझ्या नावाने.

संगणक रिक्षातून सांभाळून नेला, आणि तिथे बघतो तर कारखान्याचा मोडेम नवाच! कमळाकरचा तुकडा फक्त माझ्या जुन्या मोडेमला ओळखायचा. त्याने तीनदा प्रयत्न केला, नंबर लागेना. साहेबांनी घड्याळात पाहिलं.

माझ्या पर्समध्ये एक फ्लॉपी होती. कुठल्याही मोडेमला कळतील अशा साध्या आज्ञांचा एक तुकडा मी लिहून ठेवला होता — त्याला न सांगता. पण साऱ्या कारखान्यासमोर त्याचं काम काढून टाकायचं? मग हा पुन्हा आमच्या घरची पायरी चढेल का?

पण एक काढला तरी बाकीचे चालले पाहिजेत, हा हट्ट माझाच होता ना! मी फ्लॉपी घातली. त्याचा तुकडा बंद केला, माझा चालू केला. नंबर लागला, फाईल निघाली... आणि पडद्यावर ड्रॉइंग उमटतच राहिलं, रेघभरही न थांबता.

"वा! आणि काढला तो तुकडा कमळाकरचाच ना?" साहेबांनी विचारलं.

कमळाकर उठून उभा राहिला.

"माझाच, साहेब. काढला वृंदा मॅडमनी. बघितलंत ना, बाकी काही हललं पण नाय! मी बोललो होतो, एकच मोठा लिहा. माझं ऐकलं असतं तर आज सगळंच बंद पडलं असतं."

जणू बक्षीस त्यालाच मिळालं होतं. माझे डोळे भरून आले. अभिमान माझा जास्त वाटला की त्याचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

गेटबाहेर मात्र तो माझ्यापुढे चार पावलं चालत राहिला.

"राग आला?"

"काढलात त्याचा नाय. न सांगता लिहिलात, त्याचा आला. सांगायचं ना... दोघांनी मिळून लिहिला असता."

"चुकलं माझं. यापुढे सांगून करीन."

"नक्की?"

"नक्की. आत्ताच सांगते — आज घरी गेल्यावर बाबांना म्हणणार आहे, मला कमळाकरशी लग्न करायचंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मना... मना जरा बसू द्या," तो आपल्या गावच्या बोलीत पुटपुटला, आणि खरंच कट्ट्यावर बसला.

मीही शेजारी टेकले.

"एकटी नको सांगूस," तो म्हणाला — पहिल्यांदाच मला 'तू' म्हणत. "मी पण येतो संगती."