दोष आढळला नाही

शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता सर्जेराव डुबल स्वतःच्या नव्या गाडीत मागच्या सीटवर अडकून बसले होते. तेही मुद्दाम.

"दिसलं का?" अर्धवट खाली घेतलेल्या काचेतून ते म्हणाले. "आतून उघडतच नाही."

"काका, चाइल्ड लॉक लागलं असेल," सिद्धेश म्हणाला. तो सर्व्हिस सेंटरचा सल्लागार. टॅबलेटवरून त्याने मान वर केली नव्हती.

"ते काढलंय. बहात्तर वर्षांच्या माणसाला कोण चाइल्ड लॉक लावतं?"

केतकीने बाहेरून दार उघडून वडिलांना, आप्पांना, सोडवलं. पाच महिन्यांत गाडी नवव्यांदा इथे आली होती. गाडी केतकीनेच घेऊन दिली होती, तिच्याच नावावर होती, आणि या खेपेला ती पुण्याहून रजा टाकून कराडला आली होती ती फक्त या सिद्धेशशी बोलायला.

आप्पांनी खिशातून वही काढली. चौतीस वर्षं एसटी चालवल्याची ती सवय. त्यांच्या डेपोत ड्यूटी संपली की चालकाने रजिस्टरात डाव्या बाजूला गाडीतला दोष लिहायचा आणि मेकॅनिकने उजव्या बाजूला काय केलं ते लिहून सही करायची. त्याशिवाय आप्पा गाडी फाटकाबाहेर काढत नसत. नव्या गाडीसाठीही त्यांनी तशीच वही आखली होती. डावा रकाना भरत चालला होता. कोरड्या उन्हात वायपर सुरू. उंब्रजजवळ गाडी अचानक गुजराती बोलू लागली. उजवा रकाना कोरा.

"वही नको काका, आमच्याकडे सगळं सिस्टिमला असतं. मागच्या आठही वेळी 'दोष आढळला नाही' असंच आलंय."

"आमच्याकडे मेकॅनिकने असं लिहिलं की त्याला शेजारी बसवून फेरी मारायचो," आप्पा म्हणाले. "दोष सापडत नाही म्हणजे बघणारा भलतीकडे बघतोय."

यादीत शेवटी नाडीपट्टा होता. आखीव रस्त्यावर गाडी स्वतःच चालायची. त्यामुळे स्टिअरिंगमागे बसलेला माणूस शुद्धीवर आहे ना, धडधाकट आहे ना, यावर लक्ष ठेवणारी सोय गाडीत बसवणं कंपन्यांना कायद्याने सक्तीचं झालं होतं; ती चालू ठेवायची की नाही हे मालकावर होतं. म्हणून चालकाच्या सीटबेल्टमध्ये केसाहून बारीक तारा विणलेल्या असत. शर्टावरूनही त्यांना हृदयाच्या ठोक्यांची विद्युत-स्पंदनं वाचता येत. ठोक्यांची लय बिघडलेली दिसली की गाडी वेग कमी करी, डाव्या कडेला थांबे आणि विचारी, "तुम्ही ठीक आहात ना?" दोनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर रुग्णवाहिका बोलावी.

दोन महिन्यांत आप्पांची गाडी अशी सात वेळा थांबली होती. प्रत्येक वेळी ते गाडीला "ठीक आहे" म्हणत आणि मग केतकीला फोन करत. केतकी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायची. ऐन कामात फोन वाजायचा. "परत थांबली गं. रस्त्याच्या कडेला उभा आहे." या वाक्याचा तिला अलीकडे संताप येऊ लागला होता.

"सेन्सर जरा जास्तच हळवा आहे, मॅडम," सिद्धेश म्हणाला. "बऱ्याच गाड्यांना तक्रार आहे. बंद करता येतो. मालकाची तोंडी संमती लागते. बोला, इथे रेकॉर्ड होतंय."

"बंद कशाला?" आप्पा म्हणाले. "का थांबते ते बघा. गाडी उगाच थांबत नाही."

"आप्पा, ही गाडी उगाच गुजरातीही बोलते."

सिद्धेश हसला. आप्पांनाही हसू आलं. केतकी टॅबलेटकडे वळली.

"बंद करून टाका. मी सांगते."

दाराचं त्या दिवशीही काही झालं नाही. पट्टा तेवढा गप्प झाला. पाटणला घरी जाताना वाटेत त्यांनी उसाचा रस घेतला. गाडी कुठेही थांबली नाही. "बघा," केतकी म्हणाली. आप्पा खिडकीबाहेर बघत नुसतं "हं" म्हणाले. संध्याकाळी ती पुण्याला परतली.

शनिवारी आप्पा आईचा दुरुस्तीला दिलेला चष्मा आणायला कराडला गेले. दुपारी सव्वाबाराला गाडी घरासमोर आली, इंडिकेटर देऊन वळली आणि कुंपणाला समांतर, नीट उभी राहिली. आईने खिडकीतून पाहिलं. आप्पा मान टेकून बसलेले. रेडिओ ऐकत असतील असं वाटून तिने ताटं घेतली. आमटी दोनदा गरम केली. वीस मिनिटांनी बाहेर आली.

डॉक्टरांच्या अंदाजाने मल्हारपेठच्या आसपासच त्यांचा प्राण गेला होता. तिथून पुढे पंधरा किलोमीटर गाडीने त्यांना आणलं होतं. प्रत्येक गतिरोधकाला हळू होत, चष्म्यासकट. वाटेत रस्त्यालगत एक दवाखाना होता.

दहाव्याला नदीकाठी सगळे उभे असताना केतकीचा फोन थरथरला. 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद झाली आहे. कृपया आम्हाला पाच तारे द्या.' तिने तो संदेश कोणाला दाखवला नाही. तेराव्यानंतर ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. शोरूमवाल्यांनी पट्टा बंद केला म्हणून माणूस गेला, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. केतकी ते ऐकून घेत होती.

सोमवारी ती त्याच गाडीतून सर्व्हिस सेंटरला गेली.

"काकांचं कळलं, मॅडम. फार वाईट झालं," सिद्धेश म्हणाला.

"सात वेळा गाडी थांबली, त्या सातही वेळचे आलेख मला हवेत."

"तो डेटा कंपनीकडे असतो. मेल टाका, आठ-दहा दिवसांत—"

"इथेही असतो." मागून आवाज आला. नाझनीन मुल्ला वर्कशॉपच्या दारात हात पुसत उभी होती. गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स तिच्याकडे होतं. "या मॅडम, दाखवते."

पडद्यावर एक रेघ सरकत गेली. समान अंतरावर टोकं, मग मध्येच गचके, रिकाम्या जागा, एकमेकांवर चढलेली टोकं. केतकीला वैद्यकातलं काही कळत नव्हतं. पण ओळ कुठे बिघडली आहे हे ओळखण्यातच तिची वीस वर्षं गेली होती.

"पट्टा बरोबर होता," नाझनीन म्हणाली. "सातही वेळा."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"पट्ट्याच्या तक्रारीसाठी तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा." तिने नजर चुकवली नाही. "तक्रार बंद करताना आम्हाला चारच पर्याय असतात. भाग बदलला, नव्याने सुरू केला, बंद केला, दोष आढळला नाही. गाडी ठीक आहे, माणसाला दाखवा, असा पर्यायच नाही. मी सिद्धेशला तोंडी सांगितलं होतं."

"मी काय डॉक्टर आहे?" सिद्धेश म्हणाला. "गिऱ्हाइकाला सांगू, तुमच्या हृदयात काहीतरी आहे म्हणून? उद्या केस करतील."

"केस केलीच आहे," केतकी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझा नंबर होता तुमच्याकडे. पाच ताऱ्यांसाठी मला अकरा फोन आले. त्यातल्या एका फोनवर एवढं एक वाक्य सांगायला तुमचं काय जात होतं? दार तुम्हाला नीट करता आलं नाही. वायपर नाही. भाषा नाही. अख्ख्या गाडीत एकच गोष्ट धड चालत होती, आणि तुम्ही नेमकी तीच बंद केलीत."

सिद्धेशचा चेहरा लाल झाला. त्याने टॅबलेटवर बोट फिरवलं. "आम्ही नाही मॅडम. संमती आहे."

खरखर झाली, आणि खोलीत आप्पांचा आवाज आला. "बंद कशाला? का थांबते ते बघा. गाडी उगाच थांबत नाही." मग तिचा विनोद. मग हसणं, त्यात आप्पांचंही. मग, "बंद करून टाका. मी सांगते."

सिद्धेशने टॅबलेट पालथा ठेवला.

निघताना तिने नाझनीनला पट्टा पुन्हा सुरू करायला सांगितलं. 'बंद करा' म्हणायला जशी तिची तोंडी संमती लागली होती, तशी आताही लागली. तिने ती दिली.

वही अजून पुढच्या कप्प्यात होती. निसरे फाट्याजवळ, गाडी आपली आपण चालत असताना, केतकीने ती उघडली. आप्पांनी ही वही तिच्यापुढे किती वेळा धरली होती. 'विहे. थांबली. चढ नव्हता. मलाही जरा दम लागलेला.' 'उंब्रज पूल. थांबली. तेव्हाच हात जड वाटला.' सात नोंदी, आणि प्रत्येकीच्या शेवटी आप्पांची अवस्था, कारण चालकाने दोषाबरोबर परिस्थितीही लिहायची असते. दुसऱ्यांच्या पुस्तकातला एक अनुस्वारही तिच्या नजरेतून सुटत नसे.

घरासमोर गाडी कुंपणाला समांतर उभी राहिली. आई लगेच बाहेर आली. हल्ली दारात कोणतीही गाडी थांबली की ती धावतच यायची.

"काय म्हणाले ते मेले?" काचेशी वाकून तिने विचारलं. "केलं का कबूल?"

केतकी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. पट्टा अजून छातीवर होता.

"तुम्ही ठीक आहात ना?" गाडीने विचारलं. शुद्ध मराठीत.

आईने गाडीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "केतकी?"

"तुम्ही ठीक आहात ना?"

हे दुसऱ्यांदा होतं. आता उत्तर द्यायलाच हवं होतं.

"नाही," केतकी म्हणाली. मग तिने काच पूर्ण खाली घेतली. "आई, पट्टा मी बंद करायला लावला. आप्पा नको म्हणत होते. मी त्यांचं ऐकलं नाही."