कडू माशांचा तपास

“पित्त फुटलं नव्हतं,” मुंगी म्हणाली. “पाच मासे, पाच पित्तं. मी स्वतः मोजली.”

“कोर्टात हे टिकणार नाही,” वकील म्हणाला. “साक्षीदार नात्यातला आहे.”

वकील म्हणजे मामाचा मुलगा. वय तेरा, आणि वाद घालायला त्याला कोणताही विषय चालायचा. मुंगी त्याची आतेबहीण, वर्षाने लहान; एका जागी कधी बसायची नाही म्हणून मुंगी. तिचा सहा वर्षांचा भाऊ सतत दोघांच्या मागे, म्हणून तो शेपूट. सोमवारी सकाळी तिघं तळ्याकाठी गळ टाकून बसली होती खरी, पण गळाकडे लक्ष होतं ते फक्त शेपटाचं.

झालं होतं असं. आजोबांनी तीस वर्षं एका मोठ्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. आता ते मामाकडे राहत. सुट्टीत नातवंडांनी तळ्यातून पकडून आणलेले मासे तेच साफ करत आणि तेच तळत. पण बुधवारचे मासे कडू लागले, आणि रविवारचे तर तोंडात धरवेनात. माशाच्या पोटात हिरव्या मण्याएवढी पित्ताची पिशवी असते. सुरीचं टोक लागून ती फुटली, की अख्खा मासा कडू होतो. आजोबांचा हात हल्ली थरथरतो हे सगळ्यांनाच दिसत होतं. मग काय, निकाल जागच्या जागी लागला.

“बाबा, आता सुरी ठेवा,” मामा म्हणाला होता. “उद्या बोट कापून घ्याल.”

मुंगीची आईही हळूच म्हणाली, “खूप केलंत आमच्यासाठी. आता नुसतं बसून खा.”

आजोबांनी सुरी धुतली, पुसली, वरच्या फळीवर ठेवली आणि अंगणात जाऊन बसले. आज सकाळपासून ते स्वयंपाकघराकडे फिरकलेही नव्हते. मुंगीला हे पटत नव्हतं. स्वयंपाकघर काढून घेतलं तर आजोबांकडे दुसरं उरतं काय?

शिवाय त्यांची एक पद्धत तिला पक्की ठाऊक होती. प्रत्येक माशाचं पित्त ते अख्खं काढून बशीत ठेवत, आणि माशांइतकी पित्तं बशीत आल्याशिवाय पाण्याला हात लावत नसत. रविवारी बशीत पाच होती, पाचही टम्म.

“म्हणजे कडूपणा दुसरीकडून आला,” वकील म्हणाला. “चला घरी. जिथे गुन्हा घडला तिथेच पुरावा सापडेल.”

“मासा!” शेपूट ओरडला. त्या सकाळी त्याच्याच गळाला दोन मासे लागले.

आई आणि मामा बाजारात गेले होते. “आजोबा, तुम्ही हात लावू नका, फक्त सांगा,” अशी मुंगीने गळ घातली, तेव्हा ते नाही नाही म्हणत स्टुलावर येऊन बसले. आणि एकदा बसले म्हटल्यावर गप्प राहणार थोडेच!

“खवले शेपटीकडून डोक्याकडे काढ. हं. पोट वरवर चीर, सुरी खोल घालू नकोस. आता कण्याजवळची ती काळी रेघ नखाने खरवड, मातकट वास तिचाच असतो.”

सुरी वकिलाच्या हातात होती आणि आजोबांची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. मुंगी एकेक वस्तू चाखत होती. मीठ ठीक, पीठ ठीक, तेलही ठीक.

“धुतलेत? आता कोरडे करा. ओला मासा तव्याला चिकटतो. ते हिरव्या चौकड्यांचं फडकं घ्या.”

ते फडकं शेपटाच्या हातात होतं. त्याने नुकतंच केळं खाल्लेलं तोंड त्याला पुसलं होतं. “शी,” तो थुंकला, “कडू आहे हे.”

मुंगीने फडक्याचं टोक जिभेला लावलं आणि तिचंही तोंड वाकडं झालं. आजोबांनी फडकं नाकाशी धरून डोळे मिटले.

“कारलं,” ते म्हणाले. “माझ्या स्वयंपाकघरात कारलं आलं कुठून?”

मामी माहेरी गेल्यापासून घरात कारल्याची भाजी झालीच नव्हती. त्या दिवशी मासे नव्या पंच्याला टिपून तळले, तर चव अगदी गोड. तिघांनी फडकं धुऊन होतं तसं टांगलं, सुरी फळीवर ठेवली, आणि आजोबांना कुणाजवळ बोलायचं नाही अशी शपथ घातली.

घर झोपेत असतानाच कुणीतरी ते फडकं वापरत असणार, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताना तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली दबा धरून होती. मामा पाय न वाजवता आत आला. पिठाच्या डब्यामागून त्याने दोन कारली काढली, किसली, हिरव्या फडक्यात घालून पिळली आणि नाक दाबून तो रस घटाघटा प्याला. मग फडकं नळाखाली एकदा धरलं, न धरलं केलं आणि पुन्हा खिळ्याला अडकवलं. पोट कमी करायचा त्याचा हा गुप्त उपाय होता.

“पुरावा पोटात गेला,” वकील कुजबुजला.

“थोडा फडक्यात आहे की,” मुंगी म्हणाली.

दुपारी जेवताना तिने ते फडकं मामापुढे धरलं. “मामा, ओठाला काहीतरी लागलंय.”

मामाने बेसावधपणे तोंड पुसलं आणि त्याचा घास जागीच थांबला.

“बुधवारी आणि रविवारी आजोबांनी मासे यालाच टिपले होते, बाबा,” वकील शांतपणे म्हणाला.

मामाचे कान लाल झाले. तो उठला, फळीवरची सुरी काढून आजोबांपुढे ठेवली आणि म्हणाला, “बाबा, चुकलो. हात थरथरतो एवढंच पाहिलं आणि निकाल देऊन मोकळा झालो.”

आईने डोळे पुसले. “चौकशी आम्ही मोठ्यांनी करायला हवी होती,” ती म्हणाली. “पोरांनी केली. शाबास रे.”

संध्याकाळी पाच मासे मिळाले. आजोबांनी चार साफ केले आणि पाचवा मुंगीकडे सरकवला. तिचा हात काही थरथरत नव्हता. तरीही सुरीचं टोक जरा खोल गेलं आणि माशाच्या पोटात हिरवं पाणी पसरलं. तिने घाबरून आजोबांकडे पाहिलं. त्यांनी तो मासा मिठाने चोळला, दोनदा धुतला आणि बाजूला ठेवला.

पानं वाढली तेव्हा तो नेमका आजोबांच्याच ताटात गेला.

“आजोबा, तो नको ना,” मुंगी त्यांच्या कानात म्हणाली.

त्यांनी ऐकलंच नाही. सावकाश एकेक काटा बाजूला काढत ते जेवत राहिले.

“कसा झालाय मुंगीचा मासा?” मामाने विचारलं.

“मी पहिल्यांदा केला होता, तो इतका चांगला झाला नव्हता,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी शेवटचा तुकडाही संपवला.