दोन्ही नावं एकाच बाईची

पुसाची थंडी होती. किशनरावाच्या अंगणात पऱ्हाट्यांची शेकोटी पेटली होती आणि घरातली पोरं तिच्याभोवती हात शेकत बसली होती. नात अर्पिता सेतू केंद्रातून नुकतीच आलेली. चहाचा पेला हातात घेऊन ती सांगत होती, "आबा, आज लय किचकट काम मार्गी लावलं. एका म्हातारीचं पेन्शनच्या कागदावर एक नाव, आधारवर दुसरं. केंद्रातला धम्मदीप म्हणला, कशाला घोळ घालायचा, दोन्ही नावं एकाच बाईची म्हणून प्रतिज्ञापत्र करून टाकू. टाईप करून ठेवलंय. उद्या छापायचं."

"पण दोन्ही नावं एकाच बाईची हायत का?" किशनरावानं विचारलं.

"आता ते कोण बघायलंय, आबा."

किशनरावानं हातातली काडी शेकोटीत टाकली आणि तो निखारे उकरत बसला. शेवटी नातू गोपाळच म्हणाला, "गप कामून झालाव?"

"वस्तीवरचा मुंजाजी माहीत हाय ना? माझ्यासंगं गोदामात होता. तो अंधार पडल्यावर घरात भाकर खात न्हाई. लोक म्हणत्यात, पोट बिघडलंय. पोट नीट हाय त्याचं."

मग त्यानं जे सांगितलं ते असं.

दोन हजार पंचवीस सालातली गोष्ट. तारीख एकोणीस नोव्हेंबर, वार बुधवार. अमावास्या सकाळीच लागली होती. मुंजाजीला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी तो गेलाच असता, कारण पेन्शनचं ऑफिस तिथी बघत नाही. सकाळी तो काखेला पिशवी अडकवून परभणीला निघाला. काम एकच: कागदावरच्या बायकोचं नाव बदलणं. या एका कामाला आठ वर्षं लागली होती.

सरकारी महामंडळाच्या गोदामात मुंजाजीनं आधी पोती वाहिली, मग चौकीदारी केली. नोकरीत कायम झाला सत्त्याऐंशी साली. तेव्हा साहेबानं एक फारम भरून घेतलं: मागं कोण? मुंजाजीनं सांगितलं, बायको, सरजाबाई. ओळखीची खूण? उजव्या मनगटावर विंचवाचं गोंदण. त्याच साली कापूस वेचताना सरजाबाईला पान लागलं, साप चावला. बैलगाडीत घालून दवाखान्याकडं नेताना अर्ध्या वाटेतच ती गेली. एकोणीस वर्षांची होती. पोटपाणी पिकलं नव्हतं.

वर्षानं कस्तुराबाई आली. रिवाजाप्रमाणं सोनारानं चांदीच्या पत्र्यावर सरजाबाईची बाहुली ठोकून दिली आणि तो सवतीचा टाक कस्तुराबाईच्या गळ्यात पडला. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास टाकाला दाखवायचा. सदतीस वर्षं कस्तुराबाईनं यात खंड पडू दिला नाही. तोंडानं फटकळ बाई, पण मेलेलीचा मान तिनं राखला. जित्यांचाही राखला असता, जित्यांनी तसं वागायला पाहिजे होतं.

घरात नाव बदललं, फारमावर बदललं नाही. ते निवृत्त झाल्यावर कळलं. मुंजाजी गेला, तर त्याच्या मागं मिळणारं पेन्शन सरजाबाईला मिळणार होतं. इतकी वर्षं त्याच्या चुलीपुढं बसलेली कस्तुराबाई सरकारच्या लेखी कुणीच नव्हती. त्यात मुंजाजीच्या छातीत दोनदा कळ येऊन गेलेली. लेक राजेश्री गंगाखेडला, स्वतःच्या संसारात रुतलेली. त्याला रात्री झोप लागायची नाही ती याच एका गोष्टीनं.

"पहिल्या पत्नीचा मृत्यूचा दाखला आणा," ऑफिसातला बाबू म्हणायचा. माणूस वाईट नव्हता, नुसता थकलेला होता.

"साहेब, त्या सालच्या रजिस्टराला वाळवी लागली. ग्रामपंचायत म्हणती, नोंदच न्हाई."

"मग आमच्यासाठी त्या हयात आहेत."

"साहेब, मी अग्नी दिलाय तिला."

"तसं कुणीतरी सहीशिक्क्यानं लिहून द्यायला पाहिजे, बाबा."

हे बोलणं आठ वर्षांत कितीदा झालं, मोजदाद नाही. बाबू तीन बदलले. बोलणं तेच राहिलं.

शेवटी कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या एका लिहिणाऱ्यानं तोड काढली. मेली म्हणून सिद्ध होत नाही ना? मग दुसरी बाई नव्हतीच म्हणा. सरजाबाई माहेरचं नाव, कस्तुराबाई सासरचं. एकच व्यक्ती. स्टँप पेपरवर पाच ओळींचं काम.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंजाजी कस्तुराबाईला घेऊन गेला. अंगठा द्यायची वेळ आली तशी ती अडली.

"मी सरजा न्हाई."

"नुसता कागद हाय गं."

"राजेश्रीचा बाप, मी तिला सदतीस वर्षं थोरली म्हणलं. आता तिच्या नावावर अंगठा मारू? तिला काय वाटंल?"

"मेलेल्याला काय वाटायचंय? मी उद्या गेलो तर तू काय खाशील, ते बोल."

मग कस्तुराबाईनं अंगठा दिला. पण लिहिणाऱ्याची नजर तिच्या गळ्यावर गेली. "आजी, हे काय? सवतीचा टाक ना? सवतच नव्हती म्हणून लिहिलंय आपण. ऑफिसात कुणी पाहिलं तर गोत्यात याल." मुंजाजीनं स्वतःच्या हातानं काळ्या दोऱ्याची गाठ सोडली आणि टाक पिशवीच्या आतल्या कप्प्यात टाकला. कस्तुराबाई वाटभर गळ्याला हात लावत होती. त्या दिवसापासून तिचं बोलणं कमी झालं.

तर, एकोणीस तारीख. बाबूनं प्रतिज्ञापत्र वाचलं, मान डोलावली. आठ वर्षांत पहिल्यांदा डोलावली. मग जुनं फारम काढून त्यानं बोट ठेवलं.

"ओळखीची खूण. उजव्या मनगटावर विंचवाचं गोंदण. आजींच्या हातावर आहे ना?"

कस्तुराबाईनं सुईच्या भीतीनं जन्मात एक ठिपकाही गोंदून घेतला नव्हता.

"उद्या घेऊन या त्यांना. खूण पडताळतो आणि आदेश काढतो. नसली खूण, तर प्रतिज्ञापत्र खोटं. मग फाईल वर पाठवावी लागेल, आणि खोट्या प्रतिज्ञेचं काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे."

म्हणजे पुढं जाता येईना आणि मागं फिरता येईना. खरं होतं ते सिद्ध होत नव्हतं आणि खोटं लिहून दिलेलं फिरवता येत नव्हतं. मुंजाजी दिवसभर स्टँडवर बसून राहिला. घरी काय तोंडानं जायचं म्हणून दोन एसट्या त्यानं सोडून दिल्या. शेवटची धरली.

फाट्यावर उतरला तेव्हा नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिथून वस्ती दीड किलोमीटर. दोन्ही बाजूंनी तूर, माणसाच्या डोक्याइतकी. एसटीचा लाल दिवा वळणाआड गेला आणि काळोख एकदम जवळ आला.

शंभरेक पावलांवर पिशवीचा बंद खांद्याला ओढायला लागला. पिशवीत होतं काय? कागद, चष्मा, चिमूटभर चांदी. तरी बंद ओढत होता. खाली नव्हे, मागं. लहान पोरानं मागून बोट धरून चालावं, तसा.

तो थांबला. ओढ थांबली.

तो चालला. ओढ चालली.

पिशवी टाकून पळावं असं मनात आलं. पण आठ वर्षांचे कागद तिच्यात होते. परत फाट्यावर जावं, तर पहाटेपर्यंत तिथं काही येणार नव्हतं. त्यानं मागं पाहिलं नाही. पायांकडं बघत तो चालत राहिला.

घराच्या पत्र्यावर धूर दिसला. दार आतून लावलेलं. आणि आतून भाकरी थापायचा आवाज…

थप थप थप. मग थोडं थांबून… थप.

मुंजाजीचा हात कडीवर तसाच राहिला. कस्तुराबाईचा खांदा दोन वर्षांपासून धरलेला होता. ती भाकरी थापत नव्हती, पोळपाटावर पोळ्या लाटायची. आणि थापायची तेव्हाही एका दमात थापायची. तीनदा थापून थांबायचं, बांगडी मागं सारायची, मग चौथी थाप… हे कुणाचं, ते त्याच्या डोक्याला आठवेना. पोटाला आठवलं.

"कस्तुरा," त्यानं हाक मारली.

थापणं थांबलं. कडी निघाली. दार उघडलं तेव्हा दारात कुणी नव्हतं. चुलीपुढं ती बसली होती. पाठमोरी. डोक्यावरून पदर घेतलेला. लाईट नव्हती, चुलीचा उजेड तेवढा.

"अवो… आलाव का?"

मुंजाजी उंबऱ्यातच थांबला. कस्तुराबाई त्याला राजेश्रीचा बाप म्हणायची. लेकरू झालेली बाई नवऱ्याला लेकराच्या नावानंच बोलावते. नुसतं अवो म्हणणारी एकच होती. तिला लेकरू नव्हतं.

"लाईट कवा गेली?" त्यानं विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

तव्यावरची भाकरी तिनं उलटली.

"तुजा खांदा…"

"दुखत न्हाई."

"कस्तुरा, हिकडं बघ."

चुलीत काटकी मोडली.

"तुमीच लिवून दिलं ना… दोघी एकच."

मागं दार लागलं. हळू. कुणी लोटल्यासारखं नाही, आपणहून लागल्यासारखं.

ताट पुढं सरकलं. त्यावर भाकरी, मिरचीचा ठेचा. हात पदराखाली होता, दिसला नाही. मुंजाजी बसला. त्यानं एक तुकडा मोडून तोंडात घातला. दुसरा मोडला नाही.

"जेवा. अर्ध्या वाटंतच राहिलं होतं… तुमाला वाढायचं."

तो जेवला. पूर्ण भाकरी जेवला. मग त्यानं पिशवीतून टाकाचा दोरा काढला आणि डोळे मिटून पुढं धरला. "चुकलं माझं. हा बघ. परत तिच्या गळ्यात घालतो. मान चुकवणार न्हाई."

मग अगदी कानाजवळ…

"आता कशाला… आले ना मी."

चूल विझली.

रात्रभर तो ताटापुढं तसाच बसून राहिला. अंधारात कुणीतरी श्वास घेत होतं. एकीचा होता का दोघींचा, हे तो अजून सांगू शकत नाही.

उजाडलं तेव्हा कस्तुराबाई खाटेवर झोपली होती. उठली, डोळे चोळले. "राजेश्रीचा बाप, कवा आलाव? मला दिस मावळतानाच ताप भरला. चूलबी पेटवली न्हाई. उपाशी झोपलाव का?"

मुंजाजी चुलीकडं बघत होता. तव्याखाली राख अजून कोमट होती. परातीत दोन भाकरी होत्या.

ती तोंड धुवायला न्हाणीत गेली. तांब्या पडल्याचा आवाज आला. तो धावला. कस्तुराबाई उजवा हात समोर धरून उभी होती. मनगटावर विंचू. ताजा नव्हता, सुजलेला नव्हता. हिरवा, जुना. चाळीस वर्षांत गोंदण जसं कातडीत पसरतं, तसा कडांना पसरलेला.

ती ओरडली नाही. तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि पदर मनगटावरून ओढून घेतला.

"चला," ती म्हणाली, "साहेबाला दाखवायचंय ना."

हातावर खूण पडताळायची आहे, हे मुंजाजीनं तिला सांगितलेलं नव्हतं.

बाबूनं चष्मा वर करून मनगट बघितलं आणि फारमावर टिक केली. खूण जुळली. आठ वर्षं अडलेला आदेश आठ दिवसांत निघाला. सरजाबाई ऊर्फ कस्तुराबाई. आता मुंजाजी कधीही डोळे मिटू शकतो. बायको कागदावर आली. कोणती आली, ते त्यानं कुणाला विचारायचं?

किशनराव थांबला. शेकोटीत लाल निखारे तेवढे उरले होते.

गोपाळ म्हणाला, "आबा, गोंदून घेतलं असंल गुपचूप म्हातारीनं. पेन्शनसाठी."

"आसंल की," किशनराव म्हणाला. "मीबी हेच म्हणलं मुंजाजीला. तव्हा त्यानं हे माझ्याकडं ठिवायला दिलं. घरात नको म्हणला."

त्यानं बंडीच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली, आणि आतली वस्तू अर्पिताच्या तळहातावर ठेवली. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक. सदतीस वर्षांच्या हळदीकुंकवानं काठ काळपट झालेले, दोरा मानेच्या घामानं कडक झालेला.

अर्पितानं मोबाईलचा उजेड पाडला. मग अंगठा फिरवला. उलटा करून दुसऱ्या बाजूनं फिरवला.

"आबा… बाहुली कुठाय?"



टाक दोन्ही बाजूंनी गुळगुळीत होता.