सातव्या वळणाचा पिवळा झेंडा

बसा. लाइट गेली आहे, पण हा चार्जिंगचा दिवा पुरेल. तुमच्या गाडीची क्लचवायर बदलायला अर्धा तास लागेल. तोवर ऐका, कारण विचारलंत तुम्हीच. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी, रोज अकराला, मी दुकानाला कुलूप लावून कुठे जातो ते.

होळीच्या आधीची गोष्ट. बसवकल्याणहून मी निघालो तो फक्त एक चेन पोचवायला. खटकचिंचोळीच्या पुढे माळावर मोटरसायकल शर्यतींचा नवा ट्रॅक झालाय. माझी पुतणी ज्योत्स्ना तिथे सराव करत होती. वीस वर्षांची पोर, हात असा साफ की बघत राहावं. पोचलो, चेन बसवली, ती ट्रॅकवर गेली. मला खरं तर लगेच परत फिरायचं होतं. त्या माळावर मी अकरा वर्षं पाय ठेवला नव्हता.

तेव्हा तिथे मुरमाचा रस्ता होता. आठ वळणं, कडेला कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. सातव्या वळणाला तर पेंढ्याही नव्हत्या, थेट दगडी बांध. दर वळणावर झेंडा घेऊन एक माणूस उभा. आता काळं कुळकुळीत डांबर आहे. वळणाबाहेर चाळीस हात रुंद मोकळी जागा, पडलात तर नुसते घसरत जाल. त्यापुढे टायरच्या भिंती. झेंडेवाले गेले आणि दिव्यांच्या पाट्या आल्या. दर वळणावर कॅमेरा, आणि सगळं बघायला वर काचेच्या खोलीत एकच माणूस.

चांगलंच आहे की! मी कुठे नाही म्हणतो? पण हे शहाणपण अकरा वर्षांपूर्वीही जगात होतं. मी स्वतः अंकुशरावांना म्हणालो होतो, पंक्चरवाल्यांकडून जुने टायर गोळा करून आणतो, बांधापुढे रचू. 'कडबा बास हाय,' म्हणाले. ट्रॅकचे मालक ते, त्यांच्यापुढे कोण बोलणार? वरातीमागून घोडं आणायचं आणि मग त्या घोड्याची मिरवणूक काढायची, अशी ही माणसं.

त्या ट्रॅकवर मेला तो माझा धाकटा भाऊ, मिलिंद. ज्योत्स्नाचा बाप. सातव्या वळणावर झेंडा माझ्याच हातात होता. मिलिंद घसरला, पाय गाडीखाली अडकला. त्याने हात वर करून दाखवला, जिवंत आहे म्हणून. मी पिवळा झेंडा हलवायला लागलो, म्हणजे मागच्यांनो, वेग कमी करा. पडलेला माणूस बाहेर निघेपर्यंत पिवळा खाली घ्यायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. तेवढ्यात अंकुशराव माझ्या कानाशी येऊन ओरडले, "बरा हाय की तो! पाहुणे उन्हात बसलेत. झेंडा खाली घे!"

मी घेतला. मागून दुसऱ्या स्पर्धकाची, रेवणप्पाची गाडी पूर्ण वेगात आली.

रात्री अंकुशराव म्हणाले, "मी बोललो ते कोण ऐकलंय? झेंडा तुझ्या हातात होता." आणि मी लिहून दिलं की झेंडा वर होता, रेवणप्पाला दिसला नाही. ज्योत्स्नाही तेच धरून मोठी झाली. मी मूग गिळून गप्प बसलो. स्वतःच्या भावाच्या मरणावर खोटी सही केली मी. थुंका माझ्यावर, हरकत नाही.

तर त्या दिवशी परत निघणार, एवढ्यात काचेच्या खोलीतून शरणबसवाने हाक मारली. पाट्यांचे दिवे तोच सांभाळतो. वर गेलो. अंकुशराव खुर्चीत बसले होते. भिंतीवर काचेच्या पेटीत माझा तो पिवळा झेंडा टांगलेला, खाली लिहिलेलं, 'आमचा वारसा'. माझं टाळकंच सरकलं. पण शरणबसवाचा चेहरा बघून थांबलो.

"अण्णा, तीन दिवस झालं. बरोबर बाराला सातची पाटी पिवळी होतीय. कालपासून पिवळ्याची वायरच काढून ठेवलोय... तरी."

बाराला दोन मिनिटं होती. खाली ऊन नुसतं भाजत होतं. वारा पडलेला. बंद खोलीत एकाएकी वास आला, पेट्रोलचा आणि वाळक्या कडब्याचा. आता त्या माळावर कडब्याची काडी नाही. आणि सातची पाटी पिवळी झाली.

कॅमेऱ्यात वळण रिकामं होतं.

"हिरवी कर," अंकुशराव म्हणाले. "उद्या तपासणीवाले यायलेत."

"पोरगी ट्रॅकवर हाय!" मी शरणबसवाचं मनगट धरलं. "पिवळी राहू दे."

"पडलंय का कोणी तिथं? तू कामून मधी पडायलास?" त्यांनी स्वतःच बटण दाबलं. पाटी हिरवी झाली.

पडद्यावर ज्योत्स्नाच्या गाडीचा ठिपका सातव्या वळणावर आला आणि थांबला. मग ठिपका हळूहळू निघाला. ती खाली आली, जिना चढून वर आली, हेल्मेट काढलं. ओठ पांढरे पडले होते.

"काका... सातवर माणूस कामून बसवलाव? जुनं हेल्मेट, काच फुटकी. पाय अडकल्यावानी बसलाय. हात वर."

"मग?"

"मी थांबले. त्यानं एकच विचारलं... झेंडा कुणी खाली घेतला?"

अकरा वर्षं जे गिळलं होतं ते बाहेर पडलं.

"मी घेतला, पोरी. झेंडा वर नव्हता. ह्यांनी सांगितलं अन् मी घेतला. तो तुझा बाप हाय."

तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी तुम्हाला सांगू शकत नाही.

"ऊन लागलंय दोघांना," अंकुशराव उठले. "थांबा, मीच जाऊन दावतो तिथं कोण न्हाई ते." बिनतारी यंत्र घेऊन ते जीपने गेले. खिडकीतून सातवं वळण समोरच दिसतं. ते उतरले, डांबराच्या मधोमध उभे राहिले, आमच्याकडे बघून हात हलवला. खोलीतल्या यंत्रातून आवाज आला, "बघा, कोण हाय?"

आणि ते खाली बसले. बसले म्हणजे, कोणीतरी पाय धरून बसवावं तसे.

पाटी पिवळी झाली. सहाव्या वळणामागून गाडीचा आवाज यायला लागला. ट्रॅकवर एकही गाडी नव्हती. ज्योत्स्नाची खाली उभी होती, किल्ली तिच्या मुठीत. आवाज चढत होता, आणि तो मी ओळखला, रेवणप्पाच्या गाडीचा. अकरा वर्षं रोज झोपेत ऐकतोय.

"पाय निघंना..." यंत्रातून अंकुशराव रडत होते. त्यांनी हात वर केला.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. वाटलं, येऊ दे. कळू दे ह्याला. मी हाताची घडी घालून उभा राहिलो.

"काका," ज्योत्स्ना म्हणाली. "झेंडा."

कोपराने मी पेटीची काच फोडली. बाहेरच्या गच्चीत जाऊन झेंडा वर धरला, आणि ती खोलीत यंत्रात ओरडली, "कुणी खाली घ्यायला लावला? सांगा!"

"मी... मीच. मीच बोललो..."

आवाज वळणाच्या तोंडाशी येऊन थांबला. बंद नाही झाला. इंजिन चालू ठेवून कोणी उभं राहावं तसा गुरगुरत राहिला. मी झेंडा धरून राहिलो आणि शरणबसवाने अंकुशरावांना ओढून आणलं. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काळानिळा पडला होता. साडेबाराला तो आवाज विरला.

अंकुशराव आता माळावर येत नाहीत. तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, ट्रॅक पास झाला. शर्यती होतात. आणि रोज बाराला ते इंजिन सातच्या तोंडाशी येऊन उभं राहतं, म्हणून मी तिथे जाऊन अर्धा तास झेंडा धरतो. ज्योत्स्ना शेजारी उभी असते. माझ्याशी बोलत नाही. माझा हात खाली आला तर कोपर धरून वर करते.

रेवणप्पा मेलेला नाही. ते सांगायचं राहिलं. उमरग्यात त्याचं किराणा दुकान आहे, मिलिंद गेला त्या दिवसापासून त्याने गाडीला हात लावलेला नाही. परवा मी त्याला फोन केला. विचारलं, दुपारी बाराला काय करतोस?

"काय म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "होळीच्या आधीपासून बाराला मेल्यावानी झोप लागायलीय. अन् उठलो की डाव्या हाताची बोटं सुटंनात, अण्णा... क्लच धरल्यावानी."